बोलक्या खडकाचा वास

तेरेंतीनं तिसऱ्यांदा बंदूक पुसायला घेतली, तशी मात्रोना होडीतून ओरडली, "मामा, अजून पुसलीत तर नळी झिजून जाईल! चढताय, का जाऊ मी एकटी?"

"एकटी जाऊन काय मारणार आहेस? जिभेनं?"

"जिभेनं मरत असतं ना कुणी, तर तुम्ही कधीच उरला नसता."

म्हातारा हसला आणि चढला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी होडीत चढायचं म्हणजे आधी गुडघ्याची मनधरणी करावी लागते. मात्रोना मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. ती त्याच्या वारलेल्या बहिणीची मुलगी, वय सेहेचाळीस, मासळीच्या कारखान्यात कामाला. तोंडानं फटकळ, पण मामाला हात पुढे केलेला चालत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं तो केला नाही. होडी तिची होती, इंजिन तिचं होतं आणि आजची रजाही तिचीच गेली होती. हे तिनं सकाळपासून चारदा ऐकवून झालं होतं.

ऑक्टोबर निम्मा सरला होता. नऊ दिवस धुकं आणि वारा. नऊ दिवसांत बेटावर विमान उतरलं नव्हतं. आज कुठे समुद्र जरा शहाण्यासारखा वागत होता, आणि दुपारी विमान येईल असं रेडिओवर सांगितलं होतं. त्या विमानात तेरेंतीची जागा होती. त्याच्याआधी त्याला एक समुद्रसिंह, सीलच्या जातीचं ते थोराड जनावर, हवा होता. फक्त एक.

हवा होता तो अनफीसासाठी.

मार्चमध्ये पायरीवरच्या बर्फावरून त्याची बायको घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. विमानानं मुख्य भूमीवर, अँकरेज शहरात नेली, हाड जुळलं, पण मग तिथल्या वृद्धांच्या घरात ठेवली ती ठेवलीच. हाड जुळलं तरी बाई काही सगळी परत आली नाही. मे महिन्यात तो भेटायला गेला तेव्हा तिनं त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हटलं. आणि हळूच, अदबीनं सांगितलं, "माझा नवरा येणार आहे हो. त्याला आत सोडा. कोटाला वास मारेल, पण माणूस बरा आहे."

तो तिच्याशेजारी दोन दिवस डॉक्टर होऊन बसला आणि परत आला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हे सांगायला घरी कुणी नव्हतं. त्यानं ते मात्रोनाला सांगितलं.

आता ऑगस्टपासून अनफीसानं खाणं टाकलं होतं. दर रविवारी तिथली परिचारिका लूर्डेस फोन करायची. ताट पुढे ठेवलं की अनफीसा ते सरकवते आणि म्हणते, हे मांस नाही. गोमांस देऊन झालं, कोंबडी देऊन झाली, मासाही देऊन झाला. मागच्या रविवारी लूर्डेस म्हणाली, "आजोबा, घरचं काही आणता आलं तर बघा. शिजवायचं इथे बघू, मी बोलून ठेवते. खरं सांगू का, अशानं त्या हिवाळा काढणार नाहीत."

मांस म्हणजे काय ते तेरेंतीला विचारायची गरज नव्हती. समुद्रसिंहाचा पुढचा, वल्ह्यासारखा पंजा, हळू आचेवर अर्धा दिवस शिजवलेला, नुसत्या मिठात. अनफीसाचा जीव त्यात अडकलेला असायचा, आणि गंमत म्हणजे बिचारीला तो आयुष्यात फार वेळा मिळाला नाही. कारण गावची रीत. समुद्रसिंह मारला की आधी वाटा म्हाताऱ्यांचा, मग विधवांचा, मग आजाऱ्यांचा, मग ज्यांच्या घरी होडी नाही त्यांचा. मारणाऱ्याचं घर सगळ्यांत शेवटी. तेरेंती गावातला पहिल्या नंबरचा शिकारी, म्हणजे त्याची बायको रांगेत कायम शेवटची. "देवा, पुढच्या जन्मी मला आळशी नवरा दे," ती म्हणायची, "म्हणजे शेजारणीसारखा पंजा तरी खाईन!"

होडी दक्षिणेला निघाली. तिकडे तासाभरावर बोलका खडक.

बोलका तेव्हा. एके काळी त्या खडकावर बूड टेकायला जागा नसायची. हजारो समुद्रसिंह, आणि त्यांची डरकाळी रात्रंदिवस. चर्चमध्ये पाद्रीबाबा थांबले की ती खिडकीतून आत यायची. धुक्यात अडकलेल्या होड्या त्या आवाजावर घरी यायच्या. आणि वास! वारा दक्षिणेचा फिरला की अख्ख्या गावावर सडक्या मासळीचा, ओल्या केसांचा, विष्ठेचा वास उतरायचा. अनफीसा दोरीवरचे कपडे ओढत अंगणातून धावायची आणि समुद्राकडे तोंड करून ओरडायची, "मेल्यांनो, आंघोळ करा की कधीतरी! पुन्हा धुऊ का मी हे सगळं?" तेरेंतीच्या शिकारीच्या कोटाला तर घरात पाऊल टाकायची बंदी होती. दाराबाहेर एक खिळा होता, कोट त्याच्यावर. विसरून आत आला की स्वयंपाकघरातून, पाठ वळवलेली असताना, नुसत्या नाकानं ओळखून ती कडाडायची, "तेरेंती! कोट बाहेर!" अठ्ठेचाळीस वर्षं हेच.

मग खडक रिकामा होत गेला. कुठल्या दिवशी संपला ते कुणालाच सांगता येणार नाही. आवाज एकदम थांबला असता तर लोक घराबाहेर आले असते. तो कमी कमी होत गेला आणि लोकांना सवय होत गेली. पहिल्यांदा लक्षात आलं ते अनफीसाच्या. एका दुपारी दक्षिणेचा भरपूर वारा होता, आणि ती वाळलेली चादर नाकाला लावून दोरीपाशी उभी होती. तेरेंतीनं विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, "अरे, नुसत्या साबणाचा वास येतोय." आणि ज्यांना जन्मभर शिव्या घातल्या त्यांच्यासाठी ती बाई चादरीत तोंड खुपसून रडली.

पुढे कारण शोधायला मोठी शिकलेली माणसं आली. एका वर्षी एक बाई आली. तिचं म्हणणं, हे ओर्कांचं, त्या काळ्या शिकारी देवमाशांचं काम. मोठे देवमासे माणसांनी मारून संपवले, मग ओर्कांनी पोटासाठी समुद्रसिंह धरले. दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ म्हणाले, छे, मोठ्या जहाजांनी मासळीच उपसून नेली, बिचारे उपाशी मेले. तिसरा म्हणाला, समुद्र तापलाय. तेरेंतीनं तिघांनाही चहा पाजला. मात्रोना म्हणाली, "तिघांना एका होडीत घालून सोडून द्या, येतील ठरवून." तेरेंतीला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "सगळ्यांनीच खाल्ले. आपणही."

ओर्कांना मात्र त्यानं कधी नावं ठेवली नाहीत. गावात कुणी ठेवत नाही. नावही घेत नाहीत; 'काळे' म्हणायचं, तेही हळू.

खडकाच्या अलीकडे मात्रोनानं इंजिन बंद केलं. तरंगणाऱ्या शेवाळाच्या जाळीत होडी शिरली आणि थांबली. खडक समोर, पावसानं धुऊन पांढराफटक. त्याच्यावर दोन पाणकावळे, बस्स.

"झालं," मात्रोना म्हणाली. "पाणकावळा शिजवून न्या मामीला."

"थांब जरा."

तासभर थांबले. तेरेंतीला आता लांबचं नीट दिसत नव्हतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सगळ्या गावाला माहीत होतं. लांबून गोळी घालायची आणि जनावर जखमी करून सोडायचं, हे त्याच्या हातून होणार नव्हतं. जवळ आलं पाहिजे. आणि जवळ बोलवायची विद्या त्याला बापानं दिली होती.

त्यानं दोन्ही हात तोंडाभोवती धरले, छाती भरून घेतली आणि डरकाळी फोडली. खोल, घोगरी, शेवटाला फुटणारी. एके काळी त्याची ही हाक ऐकून थोराड नर पाण्यात उड्या टाकायचे. आज छाती पहिल्यासारखी नव्हती, पण आवाज बरोब्बर होता. मात्रोनाच्या अंगावर काटा आला. तिनं लहानपणी अंथरुणात ऐकलेला तो आवाज होता.

"पुन्हा करा," ती म्हणाली, आणि तिचा स्वर एकदम मऊ झाला. "मामा, पुन्हा करा ना."

त्यानं पुन्हा केली. आणि पुन्हा. खरं सांगायचं तर दहाव्या खेपेला तो शिकार विसरला होता. त्या मुक्या खडकासमोर आपणच बोलतोय याचंच त्याला बरं वाटत होतं, आणि आवाज बसेपर्यंत तो थांबला नाही.

मग खडकामागून उत्तर आलं.

एकच आवाज, बारीक, मादीचा. पाण्यातून तपकिरी डोकं वर आलं, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ होडीच्या दिशेनं निघालं. तेही केवढ्या घाईनं. बिचारीनं किती दिवसांत आपल्यातल्या कुणाचा आवाज ऐकला नसेल.

"आली," मात्रोना कुजबुजली. "बंदूक घ्या."

त्यानं बंदूक घेतली. मादी शंभर हातांवर, मग साठ. अंगानं चांगली भरलेली. पंजा केवढा असेल याचा त्यानं नकळत अंदाज घेतला. आणि तेवढ्यात मात्रोनानं त्याचं कोपर दाबलं.

मादीच्या मागे पाण्यातून काळा पंख वर आला. पुरुषभर उंच. त्याच्या डावीकडे दुसरा. उजवीकडे तिसरा, लहानसा. काही आवाज नाही, काही खळबळ नाही.

"काळे," मात्रोना म्हणाली.

तेव्हा म्हाताऱ्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याला वाटलं, यापेक्षा मेलो असतो तर बरं. हे काळे कान देऊन शिकार करतात. गप्प राहतात आणि ऐकतात. बापाच्या काळी खडकावर हजारांचा गलका असायचा, त्यात एका माणसाची हाक कुणाला ऐकू जाणार? म्हणून बापानं जपून हाक मार असं कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. आज मैलोगणती शांत समुद्रात एक म्हातारा तासभर ओरडत बसला होता, आणि त्याला उत्तर देणारी सगळ्या पाण्यात एकटी होती. त्यानं तिला बोलावलं होतं, आणि तिच्यासोबत त्यांनाही.

मादीला ते कळलं. ती पाण्यावर उडी घेत सुटली आणि येऊन सरळ होडीवर आदळली. होडी कलंडता कलंडता राहिली. तिनं हनुवटी काठावर टेकली, पुढचा पंजा आत टाकला, आणि भीतीनं जे पोटात होतं ते सगळं तेरेंतीच्या उजव्या बाहीवर ओकून टाकलं. मग तिथेच, त्याच्या दंडाला गाल लावून, धापा टाकत राहिली.

"मामा!" मात्रोनाचा आवाज चिरकला. "हातभर अंतरावर आहे. मारा! अहो, मामीसाठी, मारा ना!"

बंदूक त्याच्या मांडीवर होती. पंजा त्याच्या गुडघ्याशी होता, तोच पंजा, थरथरत होता. तेरेंतीला अनफीसा दिसली, ताट सरकवणारी. त्याला वाटलं, देव काही यापेक्षा जवळ आणून देणार नाही. मारावं असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याचं बोट चापावर गेलंसुद्धा.

"तुझे आजोबा काय म्हणायचे, आठवतं ना तुला?" तो म्हणाला.

"नाही आठवत! काही आठवत नाही मला!"

"काळ्यांना भिऊन जो होडीशी येतो तो पाहुणा."

"आजोबांच्या वेळी हजार होते, मामा. पाहुणचार परवडत होता."

"आणि आता एकच आहे," तेरेंती म्हणाला. "आणि तिला मी बोलावलंय."

त्यानं बंदूक खाली ठेवली. मात्रोना त्याला अद्वातद्वा बोलली, म्हातारचळ लागलाय म्हणाली, बायकोपेक्षा जनावर मोठं झालं का म्हणाली, आणि बोलता बोलता रडायला लागली. काळे होडीभोवती फिरत होते. मोठा एकदा इतक्या जवळून गेला की त्याच्या उच्छ्वासाचे थेंब दोघांच्या तोंडावर उडाले. तेरेंती वाकला आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलला.

"बाबांनो, तुम्हाला भूक आहे, कळतंय. मलाही आहे. पण आज तुम्हीही जा आणि मीही जातो. एवढी एक राहू दे."

ऐकलं की कंटाळले, देव जाणे. अर्ध्या तासानं पंख पश्चिमेकडे लांब लांब दिसले आणि मग दिसेनासे झाले. मादी आणखी थोडा वेळ तशीच टेकून राहिली. मग तिनं पंजा काढून घेतला, खडकाकडे पोहत गेली, वर चढली आणि रिकाम्या खडकावर मान वर करून हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. तेरेंतीनं आपल्या तोंडावर हात दाबून धरला. उत्तर देऊ नये म्हणून.

होडी परतली. किनारा दिसला तसं विमान उतरताना दिसलं. मात्रोनानं होडी धक्क्याला लावली आणि म्हणाली, "कोट तरी बदला. घाण मारताय."

"दुसरा कुठंय? आणि ते थांबणार आहे का माझ्यासाठी?"

तो तसाच गेला, रिकाम्या हातांनी.

विमानात शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. अँकरेजला टॅक्सीवाल्यानं थंडीतही काच खाली केली. तेरेंतीचं तिकडे लक्ष नव्हतं. काय सांगायचं तिला? मारू शकत होतो आणि मारलं नाही? डॉक्टरसाहेबांनी असलं काही सांगितलेलं तिला कळणार तरी होतं का? वृद्धांच्या घराच्या दारात लूर्डेसनं त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, खांद्यावर थोपटलं आणि नाक मुरडायचं कसंबसं टाळलं.

संध्याकाळ होत आली होती. अनफीसा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. मेपेक्षा निम्मी झाली होती. पुढ्यात ताट तसंच, बटाट्याचा लगदा आणि कसलंसं मांस, वर साय धरलेली. त्याला तिचं नाव घ्यायचं धाडस होईना. पुन्हा डॉक्टर व्हायला त्याचा जीव धजत नव्हता. तो दारात उभा राहिला.

तिची पाठ ताठ झाली. डोकं जरासं वर उचललं गेलं.

"तेरेंती!" ती कडाडली. "कोट बाहेर!"

अठ्ठेचाळीस वर्षं ज्या आवाजाला तो दचकत आला, त्याला तो आजही दचकला. कोट काढला. पण बाहेर न्यायला मन घेईना. वास गेला आणि तीही पुन्हा हरवली तर? त्यानं दार सताड उघडं ठेवलं आणि कोट बाहेरच्या कडीला अडकवला, बाही आतल्या बाजूला येईल असा.

"किती मिळाले?" ती म्हणाली. अजून वळली नव्हती.

"एक."

"आणि वाटून आला असशील सगळा. माझ्यासाठी काय उरलं?"

तेरेंतीला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं. "काही नाही उरलं गं," तो म्हणाला.

"काही नाही उरलं!" तिनं हात झटकला. "तुझ्या पदरात पडले आणि जन्मभर बटाटे खाल्ले." आणि फणकाऱ्यानं तिनं ताट ओढलं, चमचा उचलला आणि बटाटा खाल्ला. मग दुसरा घास. दारातून बघणाऱ्या लूर्डेसनं दोन्ही हात तोंडावर नेले.

तेरेंती खाली, तिच्या पायांशी बसला. सहा घास त्यानं मोजले. सातव्याला ती थांबली. वास आता खोलीभर झाला होता. तिनं खिडकीबाहेर बघितलं, तिथे नुसत्या गाड्या उभ्या होत्या, आणि तिचा चेहरा असा काही निवळला की त्याला बघवेना.

"वारा दक्षिणेचा फिरला रे," ती म्हणाली. "भरलाय वाटतं खडक. जा, कपडे आत घे, नाहीतर पुन्हा धुवावे लागतील."

तेरेंतीनं तिचा हात हातात घेतला.

"राहू दे गं आज," तो म्हणाला. "लागू दे वास."